रस्त्यावर मरणारे बिबटे आणि गावाच्या हातातली कामं

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-सिन्नर पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की बिबट्याचा आसरा तुटतो आणि त्याला रात्री रस्ता ओलांडावाच लागतो. कोल्हा, तरस, मुंगूस, उदमांजर यांचंही तेच. वाहनचालकांना सावध करणारे फलक लागतील तेव्हा लागतील, तोवर गावाने आधी रस्त्याखालच्या मोऱ्या साफ कराव्यात. माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम हेच. वाकून आरपार उजेड दिसतोय का पाहा. गाळ, प्लास्टिक, वेड्या बाभळीच्या फांद्या अडकल्या असतील तर जनावर नाइलाजाने डांबरावर चढतं. मोरी मोकळी असली की त्यातल्या ओल्या गाळात पावलांचे ठसे उमटलेले दिसतात, आणि ते पाहून खरंच बरं वाटतं.

दुसरं, मेलेल्या कोंबड्या आणि ढाब्याचं खरकटं रस्त्याकडेला टाकू देऊ नका. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. मेलेलं कुत्रं-मांजर रस्त्यावर दिसलं तर वाहनं थांबवून बाजूला ओढा, नाहीतर ते खायला आलेला कोल्हाही चिरडतो.

वन्यप्राणी जखमी दिसला तर घोळका करू नका, पाणी पाजायला जवळ जाऊ नका. वनविभागाच्या १९२६ वर फोन करा, जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. मेलेला असला तरी कळवा. एकाच वळणावर वारंवार अपघात होत असतील तर तारखा लिहून ठेवा आणि ग्रामसभेत गतिरोधकाचा ठराव मांडताना ती वही पुढे करा.