लॅम्प्समध्ये कणांचा संपर्क बिघडतो कुठे? या चुका टाळा

लॅम्प्स (LAMMPS) या कणांच्या हालचालीचं अनुकरण करणाऱ्या संगणक प्रोग्राममध्ये रन सुरू होतो, काही हजार स्टेप्स सुरळीत जातात आणि अचानक कण चहूकडे उधळतात. स्क्रीनवर ‘लॉस्ट ॲटम्स’. अशा वेळी बरेच जण आधी घर्षणांक बदलतात, मग डॅम्पिंग (धडकेत ऊर्जा जिरवणारा घटक) वाढवतात. या दोन्हींना इतक्यात हात लावू नका. आधी कण एकमेकांत किती घुसताहेत ते तपासा.

कुंडॉल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या डिस्क्रीट एलिमेंट पद्धतीत कणांचा आकार बदलत नाही, ते स्पर्शाच्या जागी किंचित एकमेकांत शिरतात. त्या ओव्हरलॅपवरूनच बल निघतं. टाइमस्टेप (एका स्टेपमध्ये सरकणारा काळ) मोठा असेल तर कण एकाच उडीत खोल घुसतो आणि तेवढ्याच जोराने बाहेर फेकला जातो.

म्हणून आधी रॅले काळ, म्हणजे कणाच्या पृष्ठभागावरून लहर जायला लागणारा वेळ, काढा. १ मिमी त्रिज्येच्या काचेच्या मण्यासाठी तो साधारण १ मायक्रोसेकंद येतो. त्याच्या २० टक्के टाइमस्टेप घेतला तर एका सेकंदासाठी ५० लाख स्टेप्स लागतात. यंग्ज मॉड्युलस (पदार्थाचा कडकपणा) हजारपटीने कमी केला की हेच काम दीड लाखाच्या आसपास स्टेप्समध्ये होतं. सायलो रिकामा होणं किंवा ढीग रचणं यासाठी ही सूट चालते, मात्र ओव्हरलॅप त्रिज्येच्या एक टक्क्याच्या आत राहायला हवा. दाबाखालचं आकुंचन, ध्वनिलहरी किंवा संपर्कातून वाहणारी उष्णता मोजायची असेल तर ही सूट घेऊच नका. आणि कण लहान-मोठे असतील तर हिशोब सगळ्यात लहान कणाचा धरायचा.

पहिल्याच स्टेपला स्फोट झाला तर दोष बहुधा भरणीत असतो: कण एकमेकांवर ठेवले गेलेत. ते विरळ सोडून गुरुत्वाकर्षणाने बसू द्या.

बारीक पावडरीत वेगळाच घोळ होतो. प्रत्येक कणाच्या जवळच्या शेजाऱ्यांची यादी करताना लॅम्प्स संपर्काच्या पलीकडे आणखी काही अंतर धरतो, तो नेबर स्किन. एसआय एककांत तो न सांगता १ मिमी असतो. ५० मायक्रॉन त्रिज्येच्या कणाला हे अंतर प्रचंड आहे; दाट भरणीत एकेका कणाच्या यादीत हजारो शेजारी येतात आणि ‘नेबर लिस्ट ओव्हरफ्लो’ची एरर मिळते. एररमधला सल्ला ऐकून यादीची मर्यादा वाढवली की रन चालतो खरा, पण रखडत. स्किन २०-३० मायक्रॉनवर आणा. लॉगच्या शेवटी ‘डेंजरस बिल्ड्स’ (यादी कदाचित उशिरा नवी झाल्याची नोंद) शून्य दिसले म्हणजे स्किन फार कमी झालेला नाही.

ढीग हळूहळू सपाट होत असेल तर पेअर स्टाइल (दोन कणांमधलं बल काढायची निवडलेली पद्धत) बघा. ‘ग्रॅन/हूक’ला संपर्काचा इतिहास (स्पर्श झाल्यापासून कण एकमेकांवर किती सरकले ते) आठवत नाही, त्यामुळे स्थितिक घर्षण टिकत नाही, ‘ग्रॅन/हूक/हिस्टरी’ किंवा हर्ट्झची हिस्टरीवाली स्टाइल घ्या. टप्प्याटप्प्याने चालवताना डेटा फाइलवरून पुढे गेलात तर हा इतिहास पुसला जातो आणि बसलेला ढीग पुन्हा खचतो. रीस्टार्ट फाइल वापरा.