झीबेनगेबिर्गला जाताय? मग या चुका टाळा

जर्मनीत बॉन किंवा कोलोनला राहणारे आपले बरेच लोक पाहुणे आले की त्यांना ड्राखनफेल्स या डोंगरावर नेतात, ट्रेनने वर, फोटो, ट्रेनने खाली, संपलं. सगळ्यात मोठी चूक हीच, कारण झीबेनगेबिर्गमध्ये, म्हणजे बॉनजवळच्या या डोंगररांगेत, चाळीसच्या वर डोंगर आहेत आणि गर्दी सगळी त्या एकाच 321 मीटरच्या माथ्यावर.

दुसरी चूक तिकिटाची. बॉनहून 66 नंबरची ट्राम ड्राखनफेल्सच्या पायथ्याच्या क्योनिग्सविंटर गावाला जाते तिच्यात डॉइचलांडटिकेट (जर्मनीभर लोकल वाहतुकीला चालणारा मासिक पास) चालतं, पण वर जाणाऱ्या दातेरी रुळांच्या ट्रेनमध्ये नाही चालत, तिचं तिकीट वेगळं काढायचं. ही ट्रेन 1883 पासून चालू आहे, लहान मुलं, आजी-आजोबा सोबत असतील तर जरूर घ्या. पण थंडीत वेळा बदलतात, वेबसाइट न बघता निघू नका. आणि परतीची शेवटची चुकलीच तर घाबरायचं कारण नाही, डांबरी वाट थेट खाली गावात उतरते, फक्त गुडघे दुखत असतील तर उतार जपून.

चालत उतरलात तर ड्राखनबुर्ग वाटेतच लागतो. लोक त्याला मध्ययुगीन किल्ला समजतात, पण तो एका श्रीमंत बँकरने 1882 ते 84 मध्ये बांधलेला महाल आहे. खरा जुना किल्ला म्हणजे माथ्यावरचे पडके अवशेष. तिथला दगड कोलोनच्या कॅथेड्रलसाठी नेला जायचा, खाणकामाने डोंगर पोखरला जात होता म्हणून 1836 मध्ये प्रशियन सरकारने माथाच विकत घेऊन ते थांबवलं. नाहीतर आज बघायला काय उरलं असतं सांगा!

ज्यांना चालायला आवडतं त्यांनी मार्गारेटेनह्योअला बसने जावं आणि तिथून ग्रोसर योल्बर्ग चढावा, 460 मीटर, सगळ्यात उंच हाच. साधे स्निकर्स घालून पावसानंतर जाऊ नका, ओल्या पानांवरून पाय सटकतो, शरद ऋतूत तर जास्तच.

आणि सोमवारी जवळच्या र्‍योनडोर्फ गावाला जाऊ नका. पश्चिम जर्मनीचे पहिले चान्सलर आडेनाउअर 1967 मध्ये वारले तोपर्यंत ज्या घरात राहत होते ते तिथे आहे, पण सोमवारी बंद. रविवारी दुकानं बंद, पाणी-खाऊ आदल्या दिवशीच घेऊन ठेवा.

एकच दिवस असेल तर सकाळी योल्बर्ग, दुपारनंतर ड्राखनबुर्ग, आणि हाइस्टरबाखच्या मठाचे अवशेष पुढच्या खेपेला ठेवा, उगाच सगळं एका दिवसात कोंबू नका.