एका तारखेचा दिनविशेष कसा तयार करावा

दिनविशेष लिहायला बसलं की हाती लागेल ते सगळं भरण्याचा मोह होतो. वीस घटना, तीस जन्म, पंचवीस मृत्यू. अशी यादी कुणी शेवटपर्यंत वाचत नाही. मी पाच-सात नोंदींवर थांबतो, पण त्यातली प्रत्येक नोंद पडताळलेली असते. त्यासाठी काय काय करतो, ते ४ जुलै या तारखेवरून सांगतो.

१. कच्ची यादी करा

वहीच्या पानाचे तीन भाग पाडा: घटना, जन्म, मृत्यू. आत्ताच चाळणी लावू नका. माझ्या पानावर आलं ते असं: १७७६ अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, १९९७ पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं, २०१२ ‘सर्न’ या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेत नव्या कणाची घोषणा, १८०७ इटलीच्या एकीकरणाचे सेनानी गॅरिबाल्डी यांचा जन्म, १८२६ अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स आणि थॉमस जेफरसन, १९०२ स्वामी विवेकानंद, १९३४ मेरी क्युरी यांचं निधन.

२. क्रियापद तपासा

बहुतेक चुका तारखेत नसतात, क्रियापदात असतात. ‘४ जुलै १७७६ रोजी अमेरिका स्वतंत्र झाली’ हे वाक्य सर्रास दिसतं. प्रत्यक्षात स्वातंत्र्याचा ठराव मंजूर झाला २ जुलैला. ४ तारखेला जाहीरनाम्याचा मजकूर स्वीकारला गेला, बहुतेक सह्या २ ऑगस्टला झाल्या आणि ब्रिटनने तहावर सही करून हे स्वातंत्र्य मान्य केलं ते १७८३ मध्ये. पुढच्या पिढ्या २ जुलै साजरा करतील, असं ॲडम्स यांनी पत्नीला लिहिलंही होतं. तेव्हा नोंदीत शब्द हवा ‘जाहीरनामा स्वीकारला’. तसंच २०१२ चं: त्या दिवशी ‘हिग्ज बोसॉनशी (मूलकणांना वस्तुमान कसं मिळतं, याच्याशी जोडलेल्या कणाशी) जुळणारा कण सापडल्याचं जाहीर केलं’.

३. कोणतं कॅलेंडर, ते विचारा

इथे वेळ द्या, कारण इथेच भलेभले फसतात. ग्रेगरियन कॅलेंडर लागू करताना १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. पण सगळ्या देशांनी ते एकदम स्वीकारलं नाही. ब्रिटनने १७५२ मध्ये स्वीकारलं, रशियाने १९१८ मध्ये. म्हणून न्यूटन यांचा जन्म जुन्या गणनेने २५ डिसेंबर १६४२, नव्या गणनेने ४ जानेवारी १६४३. रशियातली ‘ऑक्टोबर क्रांती’ नव्या गणनेने ७ नोव्हेंबरला येते. शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हान्टिस एकाच दिवशी गेले, ही लाडकी गोष्टही इथेच कोलमडते. इंग्लंडचा २३ एप्रिल १६१६ स्पेनमध्ये ३ मे होता. तुम्ही कोणतीही गणना घ्या, पण ती नोंदीत लिहा आणि एकाच पानावर दोन्ही मिसळू नका.

४. घड्याळ कुठलं, तेही बघा

चंद्रावर माणूस उतरला ती तारीख २० जुलै १९६९ अशी छापली जाते. यान टेकलं तेव्हा जागतिक प्रमाणवेळेनुसार २० जुलैचे रात्रीचे ८ वाजून १७ मिनिटं झाली होती. आर्मस्ट्राँग यांनी पाऊल ठेवलं ते त्याच घड्याळाप्रमाणे २१ जुलैच्या पहाटे २ वाजून ५६ मिनिटांनी. अमेरिकेत मात्र अजून २० तारखेची रात्र होती आणि भारतात २१ ची सकाळ. घटना जिथली, तिथली तारीख धरावी हा साधा नियम पृथ्वीवर पुरतो. इथे मात्र ‘यान उतरलं’ की ‘पाऊल ठेवलं’ हे नेमकं लिहावं लागतं.

जुन्या जन्मतारखांचंही असंच. बीथोव्हन यांच्याबाबत नक्की माहीत आहे ती बाप्तिस्म्याची तारीख, १७ डिसेंबर १७७०. तीच लिहा, ‘बाप्तिस्मा’ या शब्दासकट.

५. निवड करा

खरी जोडी सापडली तर ती वर घ्या. ॲडम्स आणि जेफरसन हे दोन माजी राष्ट्राध्यक्ष जाहीरनाम्याच्या बरोबर पन्नासाव्या वर्षदिनी काही तासांच्या अंतराने गेले. डार्विन आणि लिंकन दोघेही १२ फेब्रुवारी १८०९ चे. एरवी ओढूनताणून नातं जोडू नका.

६. नोंद लिहा

आधी वर्ष, मग घटना, मग लक्षात राहील असा एकच तपशील. उदाहरणार्थ: ‘१९३४ – मेरी क्युरी यांचे निधन. भौतिकशास्त्र (१९०३) आणि रसायनशास्त्र (१९११) अशा दोन विषयांत नोबेल मिळवणाऱ्या शास्त्रज्ञ. त्यांच्या वह्या आजही किरणोत्सारी आहेत.’ हयात व्यक्तीचा वाढदिवस असतो, दिवंगत व्यक्तीची जयंती. घाईत हे उलटसुलट झालं तर वाचणाऱ्याला फार लागतं.

वर्षभराची वही करणार असाल तर २९ फेब्रुवारीलाही पान ठेवा. मोरारजी देसाई यांचा जन्म याच तारखेचा, १८९६ चा. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, त्यामुळे त्यांना तारखेप्रमाणे पहिला वाढदिवस मिळाला तो थेट १९०४ मध्ये, आठव्या वर्षी.