मृगापूर्वी जोत, गोठा आणि कायदा: कोकणातील पशुपालकांसाठी सल्ला

मे महिन्याच्या अखेरीस रोहिणी नक्षत्र लागले की कोकणात शेणखत वाहून टाकणे, तरव्याची जमीन तयार करणे आणि नांगरणीसाठी जोत जुळवणे ही कामे एकाच वेळी अंगावर येतात. या धावपळीत प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्यातील, क्रूरतेच्या कृत्यांची यादी देणाऱ्या कलम 11 खालचा पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही 10 ते 50 रुपये इतकाच असल्यामुळे या कायद्याला धार नाही असा समज पसरला आहे, आणि तो शेतकऱ्याला महागात पडणारा आहे. कलम 34 नुसार शिपायाहून वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला संशयावरून जनावर ताब्यात घेता येते. प्रकरण न्यायालयात गेल्यावर ते पांजरपोळात किंवा गोशाळेत ठेवण्याचा आदेश होऊ शकतो आणि 2017 च्या नियमांप्रमाणे तेथील चाऱ्याचा व उपचाराचा खर्च मालकाकडून, तसेच वाहतूकदाराकडून वसूल होऊ शकतो. चिखलणीच्या मोजक्या दिवसांत बैल दावणीला नसणे म्हणजे लावणी मागे पडणे, हे नुकसान त्या दंडाच्या तुलनेत कितीतरी मोठे आहे.

बरीच प्रकरणे वाहतुकीत उद्भवतात, म्हणून घाटावरच्या बाजारातून बैल आणणाऱ्यांनी येथे विशेष काळजी घ्यावी. 1978 च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार जनावर प्रवासास योग्य असल्याचे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र सोबत असणे बंधनकारक आहे. मालवाहू गाडीत सहापेक्षा अधिक गुरे चढवता येत नाहीत, त्यांच्यासोबत दुसरा माल भरता येत नाही आणि देखरेखीसाठी एक माणूस बरोबर असावा लागतो. गाडीच्या तळाशी पाय घसरणार नाही असे काथ्याचे जाजम किंवा लाकडी फळ्या असाव्यात, आणि गुरे शक्यतो इंजिनाकडे तोंड करून उभी करावीत. काथ्या आपल्याकडे दारातच मिळतो, त्यामुळे या एका बाबतीत तरी सबबीला जागा नाही. लंगडे, आजारी, थकलेले, मागील 72 तासांत व्यालेले किंवा वाटेतच विण्याची शक्यता असलेले जनावर गाडीत चढवूच नये. कुंभार्ली, आंबा किंवा फोंडा घाटात पावसाळी वळणावर दावी ताणून, माना आवळून उभी केलेली गुरे आपसांत आदळतात, पडतात आणि खाली तुडवली जातात. हे नियम कागदासाठी केलेले नाहीत, ते त्या जिवासाठी आहेत. कानातील बारा अंकी बिल्ला, खरेदीची पावती आणि विक्रेत्याचा पत्ता प्रमाणपत्रासोबत जवळ ठेवावा. तपासणी झाल्यास हीच कागदपत्रे शेतकरी आणि तस्कर यांतील फरक दाखवतात.

जोताला बैल जुंपण्यापूर्वी खांदा, खूर आणि डोळे यांची तपासणी करावी. खांदेसूज आलेला, खुरात जखम असलेला किंवा वयाने थकलेला बैल कामाला लावणे हा कलम 11 खालचा गुन्हा आहे, आणि उन्हाळाभर मोकळ्या असलेल्या बैलाच्या कोवळ्या खांद्यावर पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ जू ठेवले की सूज येतेच. गाडी किंवा ओझे ओढणाऱ्या जनावराकडून दिवसात 9 तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग 5 तासांहून अधिक काम घेऊ नये, तसेच तापमान 37 अंशांच्या वर जाणाऱ्या ठिकाणी दुपारी 12 ते 3 या वेळेत ते जुंपू नये, असे 1965 चे नियम सांगतात. नांगरणीसाठीही हीच कमाल मर्यादा मानावी. चिखलातील ओढ गाडीच्या ओढीपेक्षा जड असल्याने प्रत्यक्षात त्याहून बरेच आधी जोत सोडणे योग्य ठरेल. याच नियमांनी टोकदार आर (खिळा) लावलेल्या पराणीवरही, म्हणजे बैल हाकण्याच्या काठीवरही, बंदी घातली आहे, त्यामुळे घरात अशी पराणी असल्यास तिची आर काढून टाकावी.

गोठ्याची शाकारणी आणि मूत्र वाहून जाण्याची मोरी पावसापूर्वी पूर्ण करावी. पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे आणि अवाजवी आखूड किंवा जड दाव्याने दीर्घकाळ बांधून ठेवणे, ही दोन्ही कृत्ये क्रूरतेच्या व्याख्येत येतात. ओल्या गोठ्यात दोन हात दाव्यावर दिवसरात्र उभ्या असलेल्या गाईची खुरे कुजतात आणि सडांना संसर्ग होतो. घटसर्प व फऱ्या या गुरांच्या रोगांविरुद्धचे लसीकरण पावसाआधी करून त्याची नोंद बिल्ल्याच्या क्रमांकावर करून घ्यावी. पान्ह्यासाठी इंजेक्शन देणे हा कलम 12 खालील वेगळा आणि गंभीर गुन्हा असून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते व जनावरही सरकारजमा होते.

दूध आटलेली गाय किंवा म्हातारा बैल मोकाट सोडून देण्याची सवय मात्र सर्वात वेदनादायक आहे. पावसाळी रात्री ही गुरे कोरड्या डांबरावर बसण्यासाठी मुंबई-गोवा महामार्गावर येतात. तेथे जनावरही मरते आणि दुचाकीस्वारही. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणे आणि आजारी जनावर रस्त्यावर मरू देणे या दोन्हींबाबत कायदा मालकालाच जबाबदार धरतो, तर 1871 च्या गुरे अतिक्रमण कायद्यानुसार पीक तुडवणारे जनावर कोंडवाड्यात जाऊ शकते. सांभाळणे शक्य नसल्यास नोंदणीकृत गोशाळेत ते लेखी पावती घेऊन सोपवावे. संध्याकाळी गुरे गोठ्यात परत आली की नाही याची मोजणी गुराख्यावर न सोडता घरच्या माणसाने करावी.

भात पोटरीत आल्यावर रानडुकरांसाठी फासकी (तारेचा फास) लावली जाते. त्यात बिबट्या अडकून मेल्यास वन्यजीव संरक्षण कायद्याखाली किमान 3 वर्षांची कैद आहे, आणि त्याच फासकीत शेजाऱ्याचे वासरूही अडकते. कुंपणात वीजप्रवाह सोडणे तर माणसाच्याही जिवावर बेतते. पिकाच्या नुकसानीसाठी वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

जनावर अचानक आजारी पडल्यास 1962 या निःशुल्क क्रमांकावर फिरते पशुवैद्यकीय पथक मागवता येते. एखाद्या गावात सतत क्रूरता घडत असल्यास पोलीस ठाण्यात किंवा जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीकडे लेखी तक्रार द्यावी, आणि वाटेत गाडी अडवून स्वतः झटापट करू नये. आपले स्वतःचे जनावर जप्त झाल्यास पोलिसांकडून पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी, पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र व खरेदीची पावती जोडून संबंधित दंडाधिकाऱ्यांकडे ताबा मिळण्यासाठी तातडीने अर्ज करावा.