डिंभ जागा कशी पारखतात: पुण्यातून करता येणारा पाट्यांचा प्रयोग

बार्नेकल म्हणजे खडकांना, बोटींना चिकटून राहणारा कवचधारी समुद्री जीव. त्याचा शेवटचा डिंभ (पिल्लाची पोहणारी अवस्था), म्हणजे सायप्रिड, जेमतेम अर्धा मिलिमीटरचा. तो काही खात नाही, अंगात साठवलेल्या तेलावर जगत जागा शोधतो. दोन स्पर्शिका आळीपाळीने टेकवत पुढे सरकतो, थबकतो, गोल फिरतो, पटलं नाही तर सुटून पुन्हा पोहू लागतो. पटलं की चिकट सिमेंट सोडतो आणि डोकं खाली करून जन्मभर तिथेच राहतो. ही निवड मोजायची तर समुद्रात पाट्या टांगून त्यांवर किती डिंभ बसतात ते मोजा, आणि पाट्यांच्या दर गटात एकच गोष्ट बदला.

बोहरी आळीतून 3 मिमी जाडीचा राखाडी पीव्हीसी पत्रा आणा आणि 10 × 10 सेंमीच्या 20 पाट्या कापा. वरची संरक्षक पन्नी पूर्ण काढा, साबणाने धुवा, दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा. आता पाच-पाचचे चार गट: गुळगुळीत, 60 नंबरच्या पॉलिश पेपरने घासलेल्या, जीवाणूंचा थर चढवलेल्या, आणि प्रौढ बार्नेकलच्या अर्कात भिजवलेल्या.

जीवाणूंचा थर पुण्यातच चढवता येतो. समुद्राचं पाणी कॅनमधून आणा, 50 मायक्रॉनच्या जाळीतून गाळा म्हणजे डिंभ बाहेर राहतील. टबात एअर पंप लावून पाट्या सात दिवस बुडवा, एक दिवसाआड अर्धं पाणी बदला. नळाचं पाणी या पाट्यांना लावूच नका, क्लोरीनने थर मरतो. धक्क्यापर्यंत त्या ओल्याच न्यायच्या. अर्कासाठी बार्नेकल समुद्राच्या पाण्यात ठेचून गाळून घ्या आणि पाट्या तासभर भिजवा. बाकीच्या तिन्ही गटांनाही तेवढाच वेळ गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवा, नाहीतर फरक अर्काचा की भिजवण्याचा हे कळणार नाही.

ऑक्टोबर ते मे हा काळ निवडा. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडसर होतं आणि दर्याही खवळलेला असतो. धक्का सांभाळणाऱ्यांची परवानगी घ्या, तिथल्या कोळी बांधवांनाही सांगा. नाहीतर पाट्या दोरीसकट कापल्या जातात. तरंगता धक्का असेल तर एक मीटर खोलीवर टांगा. खांबाला बांधायच्या असतील तर उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या) दिवसांतल्या ओहोटीलाही उघड्या पडणार नाहीत अशी खोली धरा. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो त्या दिवसांत बघून बांधलेल्या पाट्या अमावास्येला हमखास कोरड्या पडतात. पाट्या आडव्या बांधा आणि फक्त खालची बाजू मोजा, वरच्या बाजूवर गाळ आणि शेवाळ बसतं. गट एकत्र ठेवू नका, चिठ्ठ्या टाकून जागा ठरवा.

बसलेल्या जीवांची पहिली मोजणी तिसऱ्या दिवशी, 10 पट भिंगाने. कडेचा 1 सेंमी सोडा, तिथे गर्दी वेगळीच असते. पाट्या उन्हात ठेवू नका, समुद्राच्या पाण्याच्या ट्रेमध्येच धरा. दुसरी मोजणी चौदाव्या दिवशी. बरेच जण फक्त हीच करतात आणि इथेच फसतात, कारण तोवर कित्येक पिल्लं मेलेली किंवा माशांनी खाल्लेली असतात. तिसऱ्या दिवसाचा आकडा निवडीच्या सर्वांत जवळचा, चौदाव्याचा आकडा निवड आणि जगणं या दोन्हींचा.

आकडे वाचताना जातवार वाचा. हायड्रॉइडेस एलेगन्स हा नळीकृमी जीवाणूंच्या थराशिवाय क्वचितच बसतो, तर बार्नेकलला काही थर आवडतात आणि काही नकोसे होतात. ओळख पटवायला पुण्यात आणायचे नमुने 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. साध्या फॉर्मालिनमधल्या आम्लाने चुन्याची कवचं विरघळतात.