दगड किती झिजतो आणि किती झिजवतो

संगमरवर मी पहिल्यांदा हातात घेतला तो देवलापारला. नागपूरला भूविज्ञानात एमएस्सी करताना जबलपूर रस्त्यावरच्या त्या भागात आम्ही फील्डला, म्हणजे उघड्यावर खडक अभ्यासायला, जायचो. सौसर समूह म्हणून ओळखले जाणारे जुने खडक आहेत तिथे. हातोडीने कपची काढायची, विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकायचा, जोरात फसफसलं की वहीत ‘कॅल्साइट’ (नेहमीच्या संगमरवराचं मुख्य खनिज) लिहून पुढे निघायचं. पुढे उदयपूरच्या एका दगड-चाचणी प्रयोगशाळेत नोकरी लागली, तेव्हा वाटलं, दगड ओळखता येतो म्हणजे निम्मं काम येतं. तसं नव्हतं.

या कामात नव्याने येणाऱ्यांनी एक फरक पहिल्या दिवशीच डोक्यात पक्का करावा. दगड किती झिजतो, हा एक प्रश्न. तोच दगड हत्याराला किती झिजवतो, हा दुसरा. पहिला प्रश्न फरशी बसवणाऱ्याचा असतो: मंदिरात, स्टेशनवर, जिन्यावर लोक चालून चालून लादी किती खाली जाईल? दुसरा खाणवाल्याचा आणि गँगसॉवाल्याचा, म्हणजे दगडाच्या लाद्या कापणाऱ्या मोठ्या करवतीवाल्याचा: दगड कापायच्या डायमंड वायरचे, म्हणजे हिऱ्याचे मणी ओवलेल्या तारेचे, मणी किती दिवस टिकतील? चाचण्या वेगळ्या, यंत्रं वेगळी आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू करता येत नाही. मऊ, भराभर झिजणाऱ्या दगडात क्वार्ट्झची, म्हणजे गारेची, एक बारीक शीर असली तरी तो वायर खाऊन टाकतो.

झिजेची चाचणी आधी शिकवतात, कारण तिच्यात हात बसतो. सिमेंटच्या फरशांसाठीच्या आयएस १२३७ या भारतीय मानकात जे यंत्र दिलंय, तसल्याच यंत्रावर आम्ही दगडाचे तुकडेही घासायचो. तुकडा ७.०६ सेंटिमीटर बाजूचा चौरस, म्हणजे जवळजवळ ५० चौरस सेंटिमीटर. वर ३०० न्यूटनचा भार, खाली मिनिटाला ३० फेरे घेणारी लोखंडी तबकडी, तिच्यावर सारखी पसरलेली २० ग्रॅम अपघर्षक पूड. दर २२ फेऱ्यांनी यंत्र थांबवायचं, जुनी पूड ब्रशने झाडायची, ताजी टाकायची. ११० फेऱ्यांनंतर तुकडा काटकोनात फिरवायचा आणि २२० फेऱ्या पूर्ण करायच्या. युरोपात चालणारी बोमे चाचणी याच घराण्यातली, पण तिथे २२ फेऱ्यांची १६ आवर्तनं असतात आणि तुकडा प्रत्येक आवर्तनानंतर फिरवतात. म्हणून दोन अहवालांतले आकडे शेजारी ठेवण्याआधी चाचणी कोणती, हे वाचा.

झीज काढतात ती तुकड्याच्या घटलेल्या वजनावरून, आणि चूक होते ती याच वजनात. हिशेब करून बघा. संगमरवराची घनता घनसेंटिमीटरला साधारण २.७ ग्रॅम धरली, तर १ मिलिमीटर झीज म्हणजे साडेतेरा ग्रॅम. २५ मिलिमीटर जाडीचा तुकडा सुमारे ३३७ ग्रॅमचा. आयएस ११३० संगमरवराला वजनाच्या ०.४ टक्के पाणी शोषायची मुभा देतं. म्हणजे तुकडा नीट वाळला नसेल, तर सव्वा ग्रॅमहून जास्त ओल त्यात बसलेली असू शकते. घासताना ती उडाली, की जवळजवळ ०.१ मिलिमीटर झीज नुसत्या पाण्याची नोंदली जाते. हा आकडा दुर्लक्षून चालत नाही. ११० अंशांवर २४ तास वाळवा आणि तुकडा पूर्ण थंड झाल्यावरच काट्यावर ठेवा. घाई असेल तेव्हा तर आवर्जून.

दुसरी चाचणी, दगड हत्याराला किती झिजवतो ते मोजणारी, सेरशारची, मूळ फ्रान्समधल्या कोळसा-संशोधन केंद्रातली. ९० अंशांच्या टोकाची कडक पोलादी सुई ७० न्यूटन भाराखाली दगडावर १० मिलिमीटर ओढायची. मग दगडाकडे बघायचंच नाही. सुई काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरायची आणि तिच्या टोकाला किती रुंद चपटेपणा आलाय ते मोजायचं. ०.१ मिलिमीटर म्हणजे निर्देशांक १. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ डोळा हलवला नाही. पेन्सिलीचं टोक लिहून बोथट होतं तसं पोलाद झालेलं, एका बाजूला धातूची बारीक मिशी लोंबतेय. निदान पाच ओरखडे, दर वेळी नव्याने धार केलेली सुई, आणि ती धारही वापरण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेली. करवतीने कापलेल्या गुळगुळीत पृष्ठावर आकडा तोडलेल्या पृष्ठापेक्षा कमी येतो, तेव्हा पृष्ठ कोणतं होतं ते अहवालात लिहाच.

माझ्या हातून मोठी चूक झाली ती याच चाचणीत. राजसमंदकडचा नमुना होता. तिथला बराचसा संगमरवर डोलोमाइटी असतो, म्हणजे कॅल्साइटऐवजी डोलोमाइट या खनिजाचा, थंड विरळ आम्लाला फारशी दाद न देणारा, मोहच्या एक ते दहाच्या मापावर कठीणता साडेतीन ते चार. पांढऱ्या दगडातून बोटभर रुंद राखाडी धारी गेलेली होती. धारीवर सुई अडकत होती, ओरखडा सरळ येईना, म्हणून पाचही ओरखडे मी स्वच्छ पांढऱ्या भागावर घेतले. निर्देशांक एकच्या खाली आला, अहवाल गेला. महिन्याभराने खाणीतून निरोप आला की वायर अपेक्षेच्या कितीतरी आधी संपतेय. मी खाणीवर गेले. वायर चालवणाऱ्या कारागिराने मला कापलेल्या भिंतीसमोर नेलं, पाण्याचा पाइप मारला आणि बोट ठेवून म्हणाला, “मॅडमजी, पत्थर नहीं, ये धारी खाती है तार को.” परत येऊन धारीचा पातळ छेद, म्हणजे प्रकाश आरपार जाईल इतका पातळ घासलेला काप, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. ट्रेमोलाइट (डोलोमाइटपेक्षा कठीण खनिज) आणि क्वार्ट्झ. क्वार्ट्झची कठीणता सात, त्यापुढे पोलादी सुई काय टिकणार? जिथे सुई अडकत होती तिथेच उत्तर होतं, आणि मी तिथून हात काढून घेतला होता. सुधारित अहवाल पाठवला, त्यात पांढऱ्याचे आकडे वेगळे आणि धारीचे वेगळे. सरासरी काढली नाही. वायर सरासरीतून जात नाही.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. भूविज्ञानातली पदवी किंवा खाणकामातला डिप्लोमा असेल तर या कामात शिरता येतं. पातळ छेद वाचता येणं ही मात्र जास्तीची नव्हे, मूळ गरज आहे. बाजारात ‘मार्बल’ म्हणून विकला जाणारा राजस्थानातल्या ऋषभदेवचा हिरवा दगड खरं तर सर्पेंटिन, म्हणजे वेगळंच खनिज, आणि मकराण्याचा पांढरा कॅल्साइट. दोन्हींना एकाच मापाने तोललंत तर अहवाल चुकणारच. शक्य असेल तर एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत सुरुवात करा. नोंदी ठेवायची सवय तिथे लागते. कापताना पाणी चालू ठेवा, मास्क लावा. क्वार्ट्झची धूळ छातीत बसली की निघत नाही.

हल्ली नमुना आला की मी तो आधी बादलीत बुडवते. ओल्या दगडावर धाऱ्या उठून दिसतात. पेन्सिलीने त्यांच्या कडा आखते, फोटो काढते, कुठे ओरखडा घ्यायचा तिथे आकडे घालते. मग तुकडा भट्टीत जातो, २४ तासांसाठी.