मुलगी जिम्नॅस्टिक्समध्ये पुढे जाणार असेल, तर आईबाबांनी काय बघावं

डोंबिवलीत मी लहान मुलींच्या बॅचेस घेते. पहिल्याच महिन्यात पालक विचारतात, "ताई, हिला बॅकफ्लिप कधी येणार?" माझं उत्तर ठरलेलं असतं : आधी नीट उतरता येऊ दे.

क्लास निवडताना तासभर बसून फक्त लँडिंग बघा. बॉक्सवरून उडी मारलेल्या मुलीचे गुडघे आत वळतायत का? टाच धप्पकन आपटतेय का? पावलं कंबरेइतक्या अंतरावर, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत, हात पुढे, आणि तीन अंक मोजेपर्यंत जागचं हलायचं नाही, असं रोज करून घेणारा क्लास चांगला. मुली धडपडत उतरतायत आणि तरी पुढचं स्किल सुरू झालंय, असं दिसलं तर दुसरा क्लास बघा. तुम्हाला बसून बघूच देत नसतील, तर तिथे मुलीला घालूच नका. हे मी कळकळीने सांगतेय.

लँडिंगचा एवढा आग्रह का, तर २०१६चं रिओ ऑलिंपिक आठवा. व्हॉल्टच्या, म्हणजे धावत येऊन टेबलावर हात टेकून मारायच्या उडीच्या, फायनलला आपली जिम्नॅस्ट दीपा कर्माकर चौथी आली : तिचे १५.०६६, ब्राँझवालीचे १५.२१६. फरक फक्त ०.१५०. गुण देताना अवघडपणाचे वेगळे धरतात आणि सफाईचे दहातून कापत जातात. उतरताना लहान पाऊल पडलं की ०.१० कापतात, मोठं पडलं की ०.३०, आणि खेळाडूच पडली तर पूर्ण १. फायनलला दोन व्हॉल्टची सरासरी काढतात, म्हणजे एका व्हॉल्टवरचं एक मोठं पाऊल सरासरीत नेमकं ०.१५०च होतं! दीपाची प्रोडुनोव्हा, म्हणजे हवेत पुढे दोन कोलांट्या घ्यायचा व्हॉल्ट, अवघडपणात ७.० ची होती, पण उतरताना ती अगदी खाली बसली. तो व्हॉल्ट मी मुलींना अजून दाखवते, तिची हिंमत कळावी म्हणून आणि उतरण्याची किंमतही.

दीपाचे तळवे सपाट होते, हेही सांगते. प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदींनी अगरतळ्यात त्यावर वर्षानुवर्षं मेहनत घेतली. तेव्हा "हिचे पाय सपाट आहेत" म्हणून कोणी परत पाठवलं, तर लगेच हार मानू नका.

घाई तर मुळीच नको. आंतरराष्ट्रीय सीनियर गटात मुलगी ज्या वर्षी सोळाची होते, त्या वर्षापासून खेळू शकते. आठव्या वर्षी मेडल नाही म्हणून काही बिघडत नाही. दीपाने २०२४ला ताश्कंदमध्ये आशियाई स्पर्धेत व्हॉल्टचं सुवर्ण जिंकलं तेव्हा ती तिशीची होती, आणि त्याआधी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशनही झालेलं होतं.

घरी तुमच्या हातात आहेत ते तळहात. बार (लटकून झोके घ्यायची दांडी) सुरू झाला की बोटांच्या मुळाशी घट्टे येतात. ते वाढले की एक दिवस कातडीसकट फाटतात आणि पोरगी रडवेली होते. म्हणून आंघोळीनंतर, कातडी मऊ असताना, वजरीने हलकेच घासून घट्टा सपाट ठेवा. ब्लेडने कापू नका. रात्री थोडं खोबरेल लावा. फाटलंच तर धुऊन, झाकून ठेवा आणि बार बंद. त्या दिवसांत बीम (अरुंद पट्टीवर तोल सांभाळणं) आणि पोटाचे व्यायाम होतात.

जेवण तोडू नका. "वजन कमी कर" असं कोणी मुलीला परस्पर सांगत असेल, तर स्वतः जाऊन बोला. पाळी लांबली किंवा थांबली, तर डॉक्टरांना दाखवा.

राज्य पातळीच्या पुढे गेली की औषधांचं भान हवं. खेळात बंदी असलेल्या हायजेनामाइन नावाच्या द्रव्यामुळे दीपावरही २१ महिन्यांची बंदी आली होती. खोकल्याचं औषध असो, काढा असो की प्रोटीनचा डबा, मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून देऊ नका. डॉक्टरांना आधीच सांगा की मुलगी स्पर्धा खेळते, आणि घेतलेल्या प्रत्येक औषधाची चिठ्ठी एका फाइलला लावून ठेवा.